सांधा नेमका कुठे हलतो

श्रावणातली सकाळ. वडनेरमधल्या एका अंगणात तांबड्या रंगाची मोटार मागच्या उजव्या कोपऱ्यावर जॅक लावून उचललेली होती. चाक पंक्चर झालेलं. मालकाने डिकीतून स्टेपनी काढली आणि सवयीने डिकी खाली ओढली. ती बसली नाही. पुन्हा उघडून जोराने आपटली, तरी कुलपाचा ‘टक’ काही आला नाही. आत काही अडकलं असेल म्हणून त्याने बोट फिरवून पाहिलं, पण आत काहीच नव्हतं.

नवं चाक चढवून त्याने दोन बोल्ट हाताने लावले, तेवढ्यात जॅक कलला. रात्रीच्या पावसाने काळी माती लोण्यासारखी झाली होती. जॅकखाली ठेवलेला दगड एका बाजूने मातीत घुसला आणि गाडी धप्पकन खाली आली. चाक जागेवर होतं आणि अंग गाडीखाली नव्हतं, म्हणून निभावलं. थोडा वेळ तो पायरीवर बसून राहिला. उठला, सहज डिकीवर हात ठेवला, तर ती नेहमीसारखी अलगद बसली.

कुलूप तेच, डिकी तीच. बदललं होतं ते एवढंच, की गाडी आता चारही चाकांवर उभी होती. म्हणजे एका कोपऱ्यावर उचलली तेव्हा डिकीची अख्खी चौकटच पिळली गेली होती. पुढचे चार महिने या एका गोष्टीने खाल्ले.

वडनेर हे हिंगणघाट तालुक्यातलं, नागपूर–हैदराबाद रस्त्यावरचं गाव. जुन्या माणसांच्या तोंडी हा रस्ता अजून ‘सात नंबर’च आहे, कागदोपत्री तो आता राष्ट्रीय महामार्ग ४४, श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा. दक्षिणेला थोडं गेलं की वर्धा नदी, आणि पलीकडे यवतमाळ जिल्हा. दोन्ही काठांना कापसाची काळी जमीन. रात्रंदिवस ट्रक धावणाऱ्या अशा रस्त्याकाठी टायर, वेल्डिंग, ट्रॉली, पाटे अशी कामं करणारे हात आपोआप तयार होतात. गाडीचा मालक, हा तरुण, त्यांतलाच. आयटीआय केल्यावर त्याने काही वर्षं संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी वेल्डर म्हणून काढली, मग गावी परतून शेती आणि जोडीला ट्रॉली, वखर, डवऱ्यांचं छोटं दुकान सुरू केलं. वय पस्तिशीच्या आसपास.

गाडी होती स्कोडा लॉरा व्हीआरएस, २०१२ची, पुण्याहून जुनी घेतलेली. ही गाडी मूळची ऑक्टाव्हियाची दुसरी पिढी. पण भारतात पहिली पिढी तेव्हा अजून विकली जात होती, म्हणून नवीला ‘लॉरा’ हे नाव दिलं गेलं. २०११मध्ये तिची व्हीआरएस आवृत्ती आली: १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १६० अश्वशक्ती, २५० न्यूटन-मीटर टॉर्क, हाताने बदलायचे सहा गिअर. संभाजीनगरजवळ शेंद्र्याच्या ज्या वसाहतीत स्कोडाचा कारखाना आहे, तिथल्या रस्त्यांवरून तो रोज सायकलने कामाला जायचा आणि ट्रेलरवर चढून निघालेल्या या गाड्या पाहायचा. त्यातली एक आपल्या अंगणात उभी आहे, याचं अप्रूप त्याला अजूनही आहे. ते असावंच.

गाडीची एकच गोष्ट त्याला खटकायची. महामार्ग सोडून गावात वळताना डांबराची एक तिरपी कड आहे. पुढचं एक चाक तिच्यावर चढलं की खालून बारीक ‘कट्’ असा आवाज यायचा आणि स्टिअरिंग क्षणभर उशिराने उत्तर द्यायचं. बुश बदलले, बॉल जॉइंट तपासले, शॉक अब्सॉर्बर नवे टाकले. फरक पडला नाही. मित्रांनी ठेवणीतला सल्ला दिला: स्प्रिंगा कडक टाक, गाडी खाली बसव. तो त्या वाटेने निघालाही होता. डिकीने त्याला थांबवलं. गाडीचा सांगाडाच पिळत असेल तर कडक स्प्रिंगा त्याला आणखी पिळणार. स्प्रिंग दबायला तयार नसेल तर रस्त्याचा धक्का सरळ अंगावर येतो, हे साधं गणित आहे.

त्याचे काकाजी पस्तीस वर्षं महामार्गावर ट्रकखाली झोपून काम केलेले गृहस्थ. त्यांना डिकीची हकिकत सांगितली तेव्हा त्यांनी गाडीकडे पाहिलंच नाही, घराच्या मागच्या दाराकडे बोट केलं.

“हे पाय. पावसाळा लागला का हे दार अडकते. लाकडाचं असतं तं म्हटलं असतं, पाणी पिऊन फुगलं. हे लोखंडाचं हाय. लोखंड कायले फुगते? दार तसंच हाय, चौकट तिरपी झाली.”

काळ्या मातीवर घर बांधणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. ही माती पाण्याने फुगते, उन्हाने आक्रसते. उन्हाळ्यात तिला पडलेल्या भेगेत हात जातो. घराचा एक कोपरा केसभर उचलला गेला तरी काटकोनातली चौकट समांतरभुज चौकोनासारखी झुकते आणि दार अडतं. गवंडी म्हणूनच चौकट बसवताना गुण्या लावून थांबत नाही. दोरी घेऊन दोन्ही कर्ण मोजतो. कर्ण सारखे, तर चौकट खरी. डिकीचं कोडं अंगणातून न हलताच सुटलं होतं.

पण उपायावर काका-पुतण्याचं जमेना. काकाजींचं म्हणणं होतं, चेसिस लवलीच पाहिजे, नाही लवली तर तुटते. आणि ट्रकच्या बाबतीत ते सोळा आणे खरं आहे. ट्रकची चेसिस म्हणजे शिडी: दोन लांब पट्टे, त्यांना जोडणारे आडवे सदस्य. लांब पट्ट्यांचा छेद इंग्रजी सी अक्षरासारखा, एका बाजूने उघडा. अशा उघड्या छेदाला वाकवणं अवघड, पण पिळणं सोपं. ट्रकला तेच हवं असतं, कारण खड्ड्यात एक चाक गेलं तरी बाकीची जमीन सोडू नयेत. म्हणून आडवे सदस्य बहुधा रिव्हेटने धरलेले असतात, आणि पट्ट्याच्या वरच्या-खालच्या कडेला भोक पाडू नका, वेल्डिंग करू नका, असं ट्रक बनवणारे बजावतात.

चीर पडलेल्या चेसिसवर जाड पाटा मारून घ्यायला आलेले कितीतरी ट्रक काकाजींनी पाहिलेले. घाईत पाटा मारणारा त्याचं टोक चौकोनी कापतो. काही महिन्यांनी ट्रक परत येतो, आणि नवी चीर नेमकी त्या पाट्याच्या टोकाला असते. काकाजी टोक नेहमी लांब तिरकं कापायचे. कडक भाग जिथे एकदम संपतो आणि मऊ भाग एकदम सुरू होतो तिथेच सगळा ताण गोळा होतो, हे त्यांना पुस्तकाने सांगितलेलं नव्हतं. तुटलेल्या पट्ट्यांनी सांगितलं होतं. चेसिस मजबूत करण्यावर आजवर जे काही छापलं गेलं असेल, त्यात याहून मोलाचं वाक्य सापडणं कठीण.

“काकाजी, तुमच्या ट्रकची गोष्ट अलग हाय. त्याले खाली शिडी हाय, वर डाला. हिले शिडीच नाही. हिची पूर्ण बॉडीच चेसिस हाय.”

हे पटवायला त्याने दुकानातून तुषार सिंचनाच्या पाइपाचा हातभर तुकडा आणला. दोन्ही टोकं धरून काकाजींना पिळायला लावला. पाइप हलला नाही. मग हॅकसॉने त्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उभी चीर दिली आणि पुन्हा हातात दिला. आता तो ओल्या टॉवेलसारखा पिळला जाऊ लागला. प्लास्टिक तेवढंच, वजन तेवढंच. फक्त बंद गोल उघडा झाला. पातळ भिंतीच्या नळीत अशी चीर पडली की पिळाला असलेला विरोध शेकडो पटींनी घटतो, हा अभियांत्रिकीतला पक्का नियम आहे. काकाजींनी तुकडा दोन-तीनदा पिळला, चिरेच्या कडा एकमेकींवरून सरकताना पाहिल्या आणि नुसतं “हं” म्हणाले.

शिडी काढून टाकून अंगालाच हाडं करायची ही कल्पना शंभर वर्षांची आहे. १९२२च्या लान्सिया लॅम्ब्डाने ती रस्त्यावर आणली, १९३४च्या सित्रोएन ट्रॅक्सिओं आव्हांने ती मोठ्या संख्येने घडवून दाखवली. आपल्याकडची अॅम्बेसेडर आणि वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात बनवलेली पद्मिनीही याच जातीच्या. छप्पर, खांब, तळ, इंजिनामागची आडवी भिंत, वेल्डिंगच्या हजारो ठिपक्यांनी जोडलेल्या पत्र्याच्या या सगळ्या पेट्या मिळून भार वाहतात. तिथे प्रत्येक मोठं दार म्हणजे पाइपातली चीर. लॉराची डिकी काचेसकट छपरापासून उघडते. सामान भरायला यासारखं सुख नाही, पण सांगाड्याच्या बाजूने पाहिलं तर मागे मोठं खिंडार आहे. इंजिनाकडेही तीच गत. डावीकडे एक उंच खोबण, उजवीकडे एक; शॉक अब्सॉर्बरची वरची टोकं त्यांत बसतात आणि मधे इंजिन काढता-घालता यावं म्हणून मोकळी जागा.

त्या दोन खोबणींना जोडणाऱ्या आडव्या दांड्याला स्ट्रट ब्रेस म्हणतात. शोधताना अशा कितीतरी वस्तू त्याच्यासमोर आल्या: वरचा दांडा, पोटाखालची पट्टी, मागच्या सीटपाठचा तिरका दांडा, सबफ्रेमच्या बोल्टांभोवती बसवायच्या कड्या. मलेशियापासून युरोपपर्यंत लोक हा धंदा करतात. त्याने तीन गोष्टी मागवल्या: पुढचा वरचा दांडा, सबफ्रेमच्या कड्या आणि मागचा दांडा. दांडे दिसायला देखणे, कड्या अगदीच साध्या, मूठभर. किंमतही त्याच क्रमाने.

सामान आश्विनात आलं, पण बसवायला जागा नव्हती. घराला सिमेंटचं खळं आहे, तेवढीच काय ती अंगणातली पक्की जमीन, आणि तिच्यावर सोयाबीन पडलेलं. श्रावणातल्या जॅकच्या अनुभवानंतर मातीवर गाडी उचलायची नाही हे ठरलेलं होतं. सोयाबीन विकलं गेलं, दिवाळी झाली, कापसाची पहिली वेचणी घरात आली. मग खळं झाडून धुवून घेतलं.

खळं डोळ्यांना सपाट दिसतं, पण ते पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम उताराचं केलेलं असतं. काकाजींनी गवंड्याची पारदर्शक नळी आणली. नळीत पाणी भरलं, बुडबुडे काढले, एक टोक पुढच्या डाव्या चाकाच्या जागी धरलं आणि दुसरं एकेक करून बाकीच्या तीन जागी. एक कोपरा बोटभर खाली निघाला. त्या चाकाखाली शहाबादी फरशीचे तुकडे सरकवले आणि नळी पुन्हा फिरवली. अर्धी सकाळ यात गेली.

हा वेळ वाया गेला असं कुणाला वाटेल, पण सगळ्या कामाचं मर्म इथेच आहे. गाडी वाकड्या जमिनीवर उभी असताना दांडा बोल्टांनी आवळला तर तो त्या वाकडेपणालाच कुलूप लावतो. गाडी सपाट रस्त्यावर आली की सांगाडा मूळ जागी परतू पाहतो, दांडा त्याला परतू देत नाही, आणि दोघांत कायमचं भांडण लागतं. काही दांड्यांना दोन टोकांना उलटसुलट आटे असतात. मधला भाग फिरवला की दांडा लांब होतो, खोबणींना रेटतो. काहीजण तो जोर लावून ताठ करतात आणि स्टिअरिंग जड लागलं की खूश होतात. त्याने तसं केलं नाही. दांडा हाताने सहज बसेल, बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत जातील, इतकीच लांबी ठेवली.

वरचा दांडा बसवायचा तर बोनेटच्या मागचं, काचेखालचं काळं प्लास्टिक काढावं लागतं, आणि ते काढायचं तर आधी वायपरचे दोन्ही हात. नट निघाला, हात निघेना. दहा वर्षांच्या धुळीने आणि पावसाने तो दात्यांच्या शंकूवर घट्ट धरून बसला होता. पेचकसाने उचकटलं तर काच फुटायची भीती. शेवटी दुकानात जाऊन जाड पट्टीला दोन आकड्या वेल्ड केल्या, मधे बोल्ट घातला आणि गावठी पुलर तयार केला. बोल्टाचे दोन फेरे झाले आणि वायपरचा हात ‘टण्’ करून सुटला. प्लास्टिकखाली कडुनिंबाची कुजकी पानं मुठी भरभरून निघाली, पाणी जायची वाट बुजली होती. ती साफ झाली, हा या कामाचा पहिला ठोस फायदा.

आता प्रत्येक खोबणीच्या माथ्यावर तीन बोल्ट दिसत होते. हे काम गाडी चाकांवर उभी असतानाच करायचं. गाडी उचललेली असताना तिन्ही काढले तर शॉक अब्सॉर्बर स्प्रिंगसकट खाली लोंबकळतो. गाडी उभी असेल तर तिचं वजनच त्याला वर दाबून धरतं. दांड्याच्या पाट्याखाली खोबणीवरचा रंग त्याने नखाने तपासला, धूळ पुसली. खडा जरी राहिला तरी पाटा पूर्ण टेकत नाही. मग बोल्ट लावले, आधी सगळे बोटांनी, नंतर आळीपाळीने थोडे थोडे, शेवटी टॉर्क रेंचने.

बसवून झाल्यावर दांडा फार शोभून दिसत होता. शेजारची पोरं बोनेट उघडायला लावून बघून गेली. संध्याकाळी तो महामार्गापर्यंत गेला, परत वळला, डांबराच्या त्याच कडेवर चाक घातलं. ‘कट्’.

रात्री तो वही घेऊन बसला. टेपने मापं घेतली होती: चाकाचा खालचा सांधा जमिनीपासून सुमारे २० सेंटीमीटर, शॉक अब्सॉर्बरचं वरचं टोक सुमारे ८५. वळणावर टायर जमिनीपाशी १०० किलोच्या जोराने आडवा ओढला जातो असं धरलं. उत्तर पाहून तो चमकला. ढोबळ हिशेबाने खालच्या सांध्यावर सुमारे १३० किलो येत होते, वरच्या टोकावर जेमतेम ३०. काकाजींना त्याने हे अंगणातल्या पहारीवर दाखवलं. पहारीने दगड उचलताना आखूड बाजूला १०० किलोचा दगड, लांब बाजूला आपला हात ३० किलोने दाबतो, आणि टेकूच्या धोंड्यावर दोन्हींची बेरीज येते. टायर म्हणजे दगड, खोबण म्हणजे हात, खालचा सांधा म्हणजे टेकू. १९५०च्या फोर्ड कॉन्सलपासून जगभर रुळलेल्या मॅकफर्सन पद्धतीच्या पुढच्या चाकांत आडवा मार खायचं काम मुख्यतः खालच्या बाजूचंच असतं. सगळ्यांना दिसणारा, चमकणारा दांडा त्याने हाताच्या जागी लावला होता. टेकू तसाच होता.

टेकू म्हणजे सबफ्रेम: इंजिनाखालचा तो जाड साचा, ज्याला खालचे आर्म आणि स्टिअरिंगची पेटी धरलेली असते. तो गाडीच्या अंगाला बोल्टांनी लटकतो. जोडणीच्या वेळी साचा थोडा इकडेतिकडे सरकवून जागेवर आणता यावा म्हणून भोक बोल्टापेक्षा किंचित मोठं ठेवावंच लागतं. कुठल्याही कारखान्यात, कुठल्याही गाडीला. साचा जागेवर राहतो तो भोकामुळे नव्हे, बोल्टाच्या आवळण्याने निर्माण होणाऱ्या घर्षणामुळे. वर्षानुवर्षं खड्डे खाल्ले, कधी कुणी तो साचा उतरवून पुन्हा चढवला, की घर्षण अपुरं पडतं आणि एखाद्या जोराच्या क्षणी साचा केसभर सरकतो. तोच आवाज, तोच स्टिअरिंगचा उशीर. त्या मूठभर कड्या भोक आणि बोल्ट यांच्यातली पोकळी भरतात.

दुसऱ्या रविवारी पहाटेच काम सुरू झालं. गाडी खळ्यावर चार स्टँडवर. पुढची दोन चाकं काढून दारांखाली आडवी सरकवली, म्हणजे स्टँड दगा देऊ लागलाच तर गाडी चाकांवर टेकेल. प्रत्येक बोल्टाच्या डोक्यापासून साच्यावर पांढऱ्या रंगाची रेघ मारून मूळ जागा टिपून ठेवली. सबफ्रेमखाली सागवानी ठोकळा, ठोकळ्याखाली जॅक. एका वेळी एकच बोल्ट, कारण सगळे सोडले तर स्टिअरिंगचा दांडा आणि पेटी यांची जुळणी बिघडते. बोल्ट निघाला, जॅक सुतभर उतरवला, कडी भोकात बसवली, नवा बोल्ट लावला, जॅक वर घेतला.

नवा बोल्ट का, हा काकाजींचा प्रश्न होता. जुना तर चांगला दिसत होता, आटे शाबूत. उत्तर पुतण्याने द्यायच्या आधी ते स्वतःच म्हणाले, “ह्या बोल्टाले धावेसारखं बसवतेत का?” बंडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना ती विस्तवात लाल करतात, फुगलेली असतानाच चाकावर घालतात, पाणी ओततात. आक्रसलेली धाव आरे, पुठ्ठे, तुंबा सगळ्यांना असं आवळते की पुढची कितीतरी वर्षं चाक सैल होत नाही. धाव तिथे सतत ताणलेली राहते, तो ताणच चाक धरून ठेवतो. या बोल्टांचंही तेच. आधी ठरलेल्या टॉर्कपर्यंत आवळायचे, मग वर आणखी ९० अंश फिरवायचे. त्या शेवटच्या पाव फेऱ्यात बोल्ट स्वतः लांबतो. म्हणून असे बोल्ट एकदाच वापरायचे. एकदा ताणलेला तसाच पुन्हा ताणला जाईल याचा भरवसा नाही. पाव फेरा मोजायला त्याने गोटी पान्यावर खडूने रेघ मारली. शेवटच्या दहा-पंधरा अंशांत हाताला जे जाणवतं, दोर तुटेल की काय असं वाटूनही न तुटणं, ते तो आजही हात फिरवून दाखवतो.

सोमवारी हिंगणघाटला जाऊन व्हील अलाइनमेंट केलं. सबफ्रेम हलवली की हे टाळता येत नाही. परत येताना मोजणीच्या कागदाची घडी खिशात आणि खिडक्या बंद. वडनेरचं वळण आलं, डांबराची कड आली, डावं चाक चढलं. आवाज आला नाही. तो पुढे गेला, गाडी वळवून परत आला, उजवं चाक घातलं. नाही. स्टिअरिंग फिरवलं त्याच क्षणी नाक वळत होतं.

सगळ्यांत स्वस्त वस्तूने सगळ्यांत जास्त काम केलं होतं. वरच्या दांड्याने काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. वेगात लांब वळण घेताना हातातला कंप थोडा निवळला असं त्याला वाटतं. मोजून दाखवता येणार नाही, म्हणून तो ठासून सांगत नाही. मागचा दांडा मात्र पंधरा दिवसांत उतरला. त्याने डिकीची अर्धी जागा खाल्ली होती आणि आईला बाजाराच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसावं लागत होतं. चार माणसं आणि पिशव्या नेणाऱ्या गाडीत असल्या दांड्याला जागा नाही, हा निर्णय बरोबरच होता.

एक मोह त्याने टाळला, त्याची नोंद इथे हवी. त्याच्या हाताशी वेल्डिंग मशिन आहे आणि रॅलीच्या गाड्यांचे सांधे सलग वेल्ड करतात हे त्याला माहीत होतं. पण आजच्या गाड्यांच्या खांबांत आणि पट्ट्यांत कारखान्यात तापवून-निववून कमावलेलं उच्च ताकदीचं पोलाद असतं. त्याला पुन्हा आच लागली की ती कमाई जळते. शिवाय पुढचे काही भाग धडकेत ठरल्या जागी चुरगळावेत म्हणूनच तसे घडवलेले असतात; तिथे पट्टी वेल्ड करणं म्हणजे धडक सरळ माणसांपर्यंत पोचवणं. वरच्या दांड्यालाही ही जोखीम थोडी आहेच. एका बाजूला जोराची धडक बसली तर तो दुसऱ्या बाजूची खोबणही ओढू शकतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाहनातल्या फेरफारांबद्दल कडक आहे. त्याने भोक पाडलं नाही, कापलं नाही, वेल्ड केलं नाही. बोल्ट काढले की गाडी मूळ रूपात. आणि विमा कंपनीला लावलेल्या भागांची यादी लेखी कळवली.

पाचशे किलोमीटर झाल्यावर तो पुन्हा गाडीखाली गेला. नव्या बोल्टांवर मारलेल्या पांढऱ्या रेघा तपासायच्या होत्या. बोल्टावरची रेघ आणि साच्यावरची रेघ, सगळ्या जोड्या एका ओळीत. बाहेर येऊन हात पुसता पुसता त्याला श्रावणातली सकाळ आठवली. त्याने मुद्दाम मागच्या उजव्या कोपऱ्याला जॅक लावला, आता खळ्यावर, फरशीवर. चाक सुटलं. डिकी उघडली आणि खाली ओढली.

ती अडली. पहिल्यासारखीच.

“पाय, काहीच नाही झालं,” पायरीवरून काकाजी म्हणाले.

“डिकीचं काही करायचंच नव्हतं, काकाजी. एका पायावर तिले कोण उभी करते?”

त्याने जॅक उतरवला, डिकी बसवली. मग पांढऱ्या रंगाची डबी आणि ब्रश घेऊन ट्रॉलीकडे गेला. कापूस हिंगणघाटला न्यायचा होता, आणि हुकाच्या आठही नटांवर रेघा मारायच्या राहिल्या होत्या.